हललेला फोटो

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरू लागते आणि तिच्याबरोबर सौभाग्यवतींचा आवाज एकेक पट्टी वर चढू लागतो. दरवर्षीचा हा कार्यक्रम ठरलेला आहे. तळ गेलेली कळशी, दांडा मोडलेली छत्री, मुलीच्या पहिलीपासूनच्या वह्या, माझ्या कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे यांचा ओसरीवर ढीग पडतो आणि त्या ढिगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे वादी-प्रतिवादीसारखे बसतो. ‘हे कशाला ठेवायचं?’ हा तिचा प्रश्न आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे माझे उत्तर. वीस वर्षांत प्रश्न बदललेला नाही आणि उत्तरही नाही.

गेल्या वर्षी मात्र एक नवल घडले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती शिडीवर चढून जळमटे काढीत होती. डोक्याला फडके, नाकाला पदर आणि हातात उंच धरलेला कुंचा! असे रणरागिणीचे रूप पाहून मला राहवेना. मी खिशातला फोन काढला, नेम धरला आणि बटण दाबले. फोटो काही निघाला नाही. पडद्यावर एक पाटी आली. तिचा मथितार्थ असा, की आता जागा शिल्लक नाही. काही टाकाल तर काही मिळेल.

ती शिडीवरूनच हसली. “वर्षभर मला सांगता, घरात पसारा फार. आणि तुमच्या खिशातला माळा कधी झाडणार, अहो?”

मी निरुत्तर झालो. खिशातही माळा असू शकतो, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

त्या रात्री मी मोजदाद केली. मोजदाद फोननेच केली म्हणा. मी फक्त चष्मा लावला. फोटो होते ३१,४१२! प्रत्येकी सरासरी साडेतीन एमबी धरले तरी एकशे दहा जीबींचा ऐवज झाला. पूर्वी गूगलकडे असे फोटो थोडे आटोपशीर करून हवे तितके फुकट ठेवता येत. ती सोय १ जून २०२१पासून थांबली आणि आता फुकट मिळतात ते १५ जीबी. त्यांत माझे सव्वाचार हजार फोटो मावतील. उरलेल्या सत्तावीस हजारांनी कुठे जावे?

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी; त्यानंतर कॉलेजची पायरी न चढता चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम केला. तेव्हा गणिताशी माझे सख्य नाही. तरीही त्या रात्री झोप येईना म्हणून मी आणखी एक हिशेब केला. आमच्या लग्नात फोटोग्राफरने तीन रोल वापरले होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. तो मोठा हिशेबी गृहस्थ होता. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी त्याने एकच बटण दाबले, आणि त्या वेळी नेमके माझे डोळे मिटलेले होते. आजही अल्बममध्ये मी डोळे मिटूनच लग्न करतो आहे. सौभाग्यवती पाहुण्यांना सांगते, “तेव्हा मिटले, ते नंतर उघडले.” त्या हिशेबाने माझ्या खिशात जवळजवळ पावणेनऊशे रोल होते. प्रत्येक फोटोकडे नुसती पाच सेकंद पाहायचे म्हटले तरी साडेत्रेचाळीस तास लागणार. ज्या माणसाला स्वतःचेच फोटो पाहायला वेळ नाही, तो ते काढतो तरी कशाला?

या साऱ्या प्रपंचाची सुरुवात मात्र फार गोड झाली आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेत रसेल किर्श नावाचे एक शास्त्रज्ञ काम करीत होते. संगणकाला डोळे देता येतील का, असे त्यांच्या मनात आले. चित्राचे बारीक ठिपक्यांत तुकडे करून ते संगणकाला वाचून दाखवणारे यंत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. आता पहिले चित्र कोणते द्यायचे? किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो दिला. १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण एकतीस हजारांना जरासे कमी. माझ्या फोनमधल्या एकेका फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके असतात. त्यांच्या मुलाचा तो चेहरा अगदी अंधूक आहे, तरी बाळ आहे हे चटकन कळते, आणि ते कुणाचे तरी लाडके आहे हेही कळते. एकतीस हजार ठिपक्यांत त्या बापाने एक मूल ठेवले. मी एकतीस हजार फोटोंत काय ठेवले होते?

घटस्थापनेच्या रात्री मी झाडलोट सुरू केली. कामाला शिस्त हवी म्हणून चार नियम केले आणि ते वहीत लिहून काढले. पहिला, ‘शुभ सकाळ’ जातीचे सगळे फोटो काढून टाकायचे. दुसरा, एकाच प्रसंगाचे अनेक असतील तर एक ठेवायचा. तिसरा, हललेले आणि अंधूक फोटो क्षणभरही न थांबता उडवायचे. चौथा, ज्यातली माणसे ओळखू येत नाहीत ते उडवायचे.

तुम्ही म्हणाल, नियम तर चोख आहेत. मलाही तसेच वाटले. पहिल्या दीड तासात मी हजारभर फोटो कापून काढले. उगवते सूर्य गेले, गुलाबाची फुले गेली, वाफाळते चहाचे कप गेले. कोजागरीच्या चंद्राचे सतरा फोटो होते. प्रत्येकात काळ्या पाटीवर खडूचा एक ठिपका. सोळा गेले. सतरावा का ठेवला, ते विचारू नका. महालक्ष्मीच्या यात्रेतले पाळणे, चारोटी नाक्यावरची वाहनांची रांग, पुराने फुगलेली सूर्या नदी, बँकेचे पासबुक, खोकल्याच्या औषधाची बाटली, फळ्यावर लिहिलेली परीक्षेची बैठक व्यवस्था, सारे भराभर चालले. बोट सरावले की हात निर्दय होतो. कादंबरी लिहिताना चाळीस-चाळीस पाने फाडून टाकण्याची मला सवय आहे. त्या सवयीचा मला त्या रात्री अभिमान वाटू लागला होता.

मग एका ‘शुभ सकाळ’पाशी बोट अडखळले. आमच्या शाळेतले एक शिक्षक मला रोज पहाटे साडेपाचला एक फूल पाठवीत. मी कधी उत्तर दिले नाही. उलट, ‘या माणसाला झोप येत नाही का?’ म्हणून करवादलो असेन. ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी गेले. गेले त्या दिवशीही पहाटे साडेपाचला फूल आले होते. पांढरे कमळ, खाली काही सुविचार. माझ्या पहिल्या नियमाप्रमाणे ते कमळ काढायचे होते. ते मला काढवेना. चित्र अगदी सामान्य होते. असे कमळ लाखो फोनांत असेल. पण ‘मी आज उठलो आहे, तुम्हीही उठा’ असे एका माणसाने मला सांगितल्याची ती शेवटची खूण होती. पहिला नियम तिथेच वाकला.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. ती नाशिकला शिकते. तिने मला, मुलांनी आईबापांशी बोलताना जो सहनशील स्वर काढावा तो काढून, सगळे समजावून सांगितले. “बाबा, एकदम सगळं करू नका. रोज वीस मिनिटं बसा. चांगले फोटो वेगळ्या अल्बममध्ये टाका. बाकीचे हार्ड डिस्कवर उतरवा. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आणि नुसतं डिलीट करून जागा मोकळी होत नाही हो! ते फोटो आधी कचरापेटीत जातात. तिथे तीस दिवस पडून राहतात. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते.”

“करतो,” मी म्हणालो. कचरापेटी रिकामी करणे माझ्या अंगावर लहानपणापासून आहे आणि लहानपणापासून मी ते उद्यावर टाकीत आलो आहे.

तिच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मनात घोळत राहिली. निवडणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे. मला रियासतकार सरदेसाई आठवले. १९३०च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल सोडून, मोडी कागद वाचून, निवडक कागदांचे ४५ भाग छापवून घेतले. मला त्या निवडीइतकेच कौतुक वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. जे कागद निवडले नाहीत, ते काही जाळले गेले नाहीत. पुन्हा रुमालात बांधले गेले. पुढच्या कुणाला पुढचा प्रश्न पडेल, त्याच्यासाठी ते राहिले. निवडणाऱ्याला आपला आजचा प्रश्न ठाऊक असतो. उद्याचा ठाऊक नसतो.

आणि घराबाहेरची प्रत! तिचे महत्त्व आम्हा डहाणू-तलासरीकरांना कुणी सांगायला नको. २०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलू लागली. उत्तरेला धुंदलवाडीच्या बाजूला तिचा जोर अधिक. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत कितीतरी कुटुंबे रात्री घराबाहेर झोपत. शासनाने तंबू दिले होते. आमच्या आळीनेही काही रात्री अंगणात काढल्या. धक्का बसला की प्रत्येक जण हाताला येईल ते घेऊन बाहेर पळे. मी मोठ्या दूरदृष्टीने हार्ड डिस्क घेऊन पळालो. सौभाग्यवती लग्नाचा अल्बम पोटाशी धरून आली. अंगणात बसल्यावर मला कळले की डिस्कला जोडायचा संगणक आत टेबलावर आहे. दहा वर्षांच्या आठवणी माझ्या मुठीत होत्या आणि मला त्यांतली एकही दिसत नव्हती. तिकडे तिने बॅटरीच्या उजेडात अल्बम उघडला. शेजारपाजारच्या बाया-पोरे भोवती जमली. माझे मिटलेले डोळे पाहून त्या भेदरलेल्या रात्री आळी पोट धरून हसली. त्याच गडबडीत पुढे कधीतरी डिस्क माझ्या हातून फरशीवर पडली. त्यानंतर ती लावली की आतून नुसता टकटक आवाज येई. उघडली नाही ती नाहीच. फोनमध्ये होते तेवढे वाचले.

तर अशा रीतीने नवरात्र गेले, दसरा गेला. कापणीला आलेल्या भाताचा वास शिवारात दरवळू लागला. माझी झाडलोट रोज वीस मिनिटे चालू होती, आणि वाघबारशीच्या संध्याकाळी तो आला.

तो म्हणजे माझा जुना विद्यार्थी. शाळा सोडून त्याला बरीच वर्षे झाली. आता बोईसरला कारखान्यात आहे. दिवाळीला पाड्यावर आला होता. ओसरीच्या कडेला बसला, चहा घेतला, भाताचे कसे आहे ते सांगितले. त्याला काही मागायचे आहे हे मला दिसत होते. शेवटी म्हणाला, “सर, आजी गेली. श्रावणात.”

मी काय बोलणार! जरा वेळाने तो म्हणाला, “तिचा फोटो नाही घरात. आधार कार्डावर आहे, पण त्याच्यात ती आजीसारखी दिसतच नाही. तुम्ही त्या वर्षी शाळेत तिचे लय फोटो काढले होते. त्यातला एखादा असला तर द्या. फ्रेम करायची आहे.”

“आहे की!” मी फुशारकीने म्हणालो. “एक काय, साठ आहेत.”

त्या फोटोंची हकीकत सांगायला हवी. २०१७च्या डिसेंबरात मी त्याच्या आजीला शाळेत बोलावले होते. माझी वारली मुले वर्गात कागदावर केळी आणि सफरचंदे काढीत, आणि त्यांच्या घरच्या भिंतीवर जे चित्र होते ते पुस्तकात पाहून गिरवीत. हे मला लाजिरवाणे वाटे. आजी एकेकाळी लग्नाचे चौक लिहायला पाड्यापाड्यांवर जात असे. ती आली, पण येताच तिने एक अट घातली. चौक लिहिणार नाही. चौक लग्नघरातच लिहायचा, त्यात पालघट देवी येते, धवलेरीने गाणी म्हणायची असतात. आणि तो लिहायचा तो सवाशिणींनी. आजीचे कुंकू पुसलेले होते. शाळेच्या भिंतीवर देवी मांडणे तिला मान्य नव्हते. झाडे लिहीन, तारपा लिहीन, नाच लिहीन, असे ती म्हणाली.

आम्ही शाळेची मागची भिंत शेणाने सारवली, वर गेरू दिला. तिने तांदूळ वाटून पिठाचे पांढरे पाणी केले, बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला आणि उकिडवी बसून ती लिहू लागली. आमच्याकडे चित्र काढीत नाहीत, लिहितात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहिला. दुपारपर्यंत तारप्याभोवती गोल फिरणारी अख्खी रांग भिंतीवर नाचू लागली. मुले मंत्रावल्यासारखी पाहत होती. मी फोटो काढीत होतो.

मध्येच मी म्हणालो, “आजी, पावसाचा सडा बसला की हे सगळं जाईल हो.”

तिने काडी न थांबवता जे सांगितले, ते तिच्या बोलीत मला लिहिता येणार नाही; पण अर्थ असा होता, की जाऊ दे की. लग्न झाले की चौकाचे काम झाले. पुढच्या लग्नाला पुढच्या बाया लिहितील. राहून राहून भिंत भरली, तर त्या कुठे लिहिणार?

मला ते तेव्हा पटले नाही. मी साठच्या साठ फोटो काढले. का काढू नयेत? आमच्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण माझ्यासमोर होते. १९७०नंतरच्या त्या वर्षांत भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर आले, भिंतीवरची चित्रे कागदावर उतरली आणि जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले, त्यांची चित्रे आहेत. कागदाने चित्र राखले आणि चित्राखाली सहीही आली. भिंतीवर कधी कुणी सही केली नव्हती. मीही माझ्या परीने आजीची भिंत राखतो आहे, असे मला वाटत होते. ती भिंत पुढे गेलीच. पिठाचे पाणी एका पावसाळ्यात फिके पडले, भूकंपाने भिंतीला तडे गेले, दुरुस्ती झाली, वर डिस्टेंपर बसला. आता तिथे स्वच्छतेचा संदेश आहे.

त्या संध्याकाळी मी त्याला शेजारी बसवून ते फोटो दाखवू लागलो. पहिला फोटो तारप्याचा. दुसरा नाचाचा. तिसरा जवळून, दोन त्रिकोणांचा. चौथ्यात काडी धरलेली बोटे. पाचव्यात आजीचा खांदा. मी पुढे पुढे सरकवीत होतो आणि माझ्या कानशिलांवर घाम येत होता. साठ फोटो, आणि एकाही फोटोत आजीचा चेहरा नव्हता! पाठ होती, हात होता, लुगड्याचा काठ होता. मी चित्राचे फोटो काढीत होतो. चित्र लिहिणारी मध्ये येत होती, तिथे मी जरा बाजूला सरकून ती टाळली होती. एका फोटोत तर तिचे डोके कडेला अर्धे कापलेले होते. इतके नीट, की ते चुकून झाले असे म्हणण्याचीही सोय नाही.

तो काही बोलला नाही. “हात तिचाच आहे,” एवढेच म्हणाला.

आणि मला आठवले. एक फोटो होता. कुणा पोराने मागून हाक मारली होती, तिने वळून पाहिले होते आणि ती हसली होती. त्याच क्षणी माझे बोट पडले. हललेला फोटो. तो मला आठवला, कारण तिसऱ्या नियमाखाली क्षणभरही न थांबता मी तो उडवला होता. घटस्थापनेच्या रात्री.

मी मनातल्या मनात दिवस मोजू लागलो. घटस्थापना ते वाघबारस. मग मुलीचे शब्द आठवले, तीस दिवस. कचरापेटी उघडली. आत हजारो फोटो दाटीवाटीने पडले होते. गुलाब, सूर्य, चहाचे कप. प्रत्येकावर उरलेले दिवस लिहिलेले. त्या केरातून मी एका चेहऱ्याला शोधत खाली खाली जात होतो. सौभाग्यवती दिवा घेऊन दारात उभी होती. तीही वाकून पाहू लागली. चंद्रांच्या मागे, खोकल्याच्या बाटलीच्या शेजारी, आजी होती. खाली लिहिले होते : पाच दिवस.

आळसाने माझे आयुष्यभर नुकसान केले आहे. पण त्या दिवशी त्याने जुनी सारी देणी फेडली. पेटी रिकामी केली असती, तर?

मी फोटो परत आणला. त्याने फोन हातात घेतला आणि पडद्याजवळ तोंड नेले. सगळी आकृती एका बाजूला ओढल्यासारखी झाली होती. डोळ्यांच्या जागी दोन रेषा, दात थोडे दिसत होते, कपाळावरचे गोंदण अस्पष्ट. तो हसला. “हीच. अशीच वळायची ती.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारातल्या स्टुडिओत गेलो. तिथला मुलगा हुशार. फोटो पाहून म्हणाला, “सर, एकदम क्लिअर करून देतो. आता एआयने सगळं होतं.” त्याने काही बटणे दाबली आणि मिनिटभरात पडद्यावर एक स्वच्छ, रेखीव चेहरा आला. डोळे टपोरे, कातडी नितळ, ओठांची कड स्पष्ट. मी चकित झालो. मला तो आवडलाही. यंत्राची करामत अशी, की जे दिसत नाही ते ते आपल्याजवळच्या अनुभवाने भरून काढते. लाखो चेहरे त्याला दाखवलेले असतात. त्यांवरून ते अंदाज बांधते, की इथे असा डोळा असणार, इथे असा गाल असणार. आमच्या पाड्यावरची आजी त्याने कुठे पाहिली होती? कपाळावरचे गोंदण त्याला डाग वाटला. त्याने तो पुसून टाकला.

नातवाने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाला, “सर, ही बाई छान आहे. पण ही आजी नाही. मला ती हललेलीच द्या.”

मी चित्रकलेचा मास्तर. मुलांच्या वह्यांवर ‘रेषा स्वच्छ हवी’ असा शेरा लिहिण्यात माझी हयात चालली. त्या वाक्याने मला फार शिकवले. फोटो चांगला की वाईट हे फोटोत ठरत नाही. तो पाहून ‘हीच ती’ म्हणणारे कुणी आहे की नाही, यावर ते ठरते. असे म्हणणारा माणूस समोर असेल, तर एकतीस हजार ठिपकेही पुरतात. तो नसेल, तर एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे काय करायचे? आणि आजीचे म्हणणेही मला तेव्हा कुठे उमगले. ती भिंतीबद्दल बोलत होती. भिंत जावी, लिहिणाऱ्या बाया राहिल्या पाहिजेत. मी भिंत साठ वेळा राखली आणि बाईला केरात टाकले होते.

दिवाळी झाल्यावर मी नियमांची वही पुन्हा काढली. तिसरा नियम खोडला. चौथ्याखाली लिहिले : ‘ओळखू येत नसेल तर आधी विचारावे.’ मग आम्ही दोघांनी मिळून छत्तीस फोटो निवडले. जुन्या एका रोलाइतके. भांडत, हसत, चार रात्री लागल्या. रणरागिणीचा फोटो त्यांत नाही, कारण तो निघालाच नव्हता. ती म्हणते, बरे झाले. छत्तीस फोटो कागदावर छापून आणले. बाकीचे नव्या डिस्कवर बांधून ठेवले आणि एक प्रत मुलीबरोबर नाशिकला पाठवली. आणि गूगल, क्लाउड, डिस्क यांतल्या कुणालाही न जमणारे एक काम आम्ही केले. प्रत्येक फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिले : कोण, कुठे, केव्हा. दहा-बारा फोटोंतल्या माणसांची नावे आम्हांला आठवेनात. ती विचारायला मी आळीत फिरलो. चहा पुष्कळ झाला.

पण हे सुचले ते आदल्याच एका क्षणी, त्या स्टुडिओच्या काउंटरवर. आजीचा फोटो छापून हातात आला होता. त्याच्यासाठी एक प्रत, माझ्यासाठी एक. मी माझी प्रत उलटी केली, पेन काढले आणि थांबलो. काय लिहू? ‘आजी’? सारी शाळा तिला आजी म्हणे, मीही म्हणे. दिवसभर ती माझ्यासमोर बसून लिहीत होती. साठ फोटो काढताना तिचे नाव विचारायचे मला सुचले नव्हते.

“तुझ्या आजीचं नाव काय रे?” मी विचारले.

तो क्षणभर गोंधळला. त्यालाही पटकन सांगता आले नाही. मग त्याने बापाला फोन लावला, आणि त्याच्या बापाने भातकापणीच्या गलबल्यात, दोनदा मोठ्याने, आपल्या आईचे नाव सांगितले.

ते मी फोटोमागे लिहून ठेवले आहे.